ताई, ठेकेदाराला तूर्त थांबवा

पत्र : आमच्या शिक्षणसंस्थेच्या वेगवेगळ्या गावांत मिळून नऊ जुन्या इमारती आहेत. सात शाळा, एक वसतिगृह, एक सभागृह. बहुतेकांवर सिमेंटचे पत्रे, काही वर्गांत पांढऱ्या बोर्डांचं छत. गेल्या वर्षापासून देखभाल माझ्याकडे आली. एका विश्वस्तांनी ॲस्बेस्टॉसबद्दल वाचलं आणि सभेत ‘सगळं ताबडतोब काढा’ म्हणाले. दुसरे म्हणतात, चाळीस वर्षं झाली, कुणाला काही झालं नाही. एक ठेकेदार सुट्टीच्या पंधरा दिवसांत नऊच्या नऊ छपरं उतरवून द्यायला तयार आहे, जुना माल तोच उचलणार. मागच्या महिन्यात एका शाळेत पंखे बसवताना छताच्या बोर्डाला भोकं पाडली. खाली पडलेला चुरा आमच्या शिपाईमामांनी झाडून काढला. तेव्हापासून मला झोप नाही. सगळं एकदम काढू का? आणि मामांचं काय करू?

उत्तर :

ताई,

सगळ्यात आधी दोन फोन करा. पहिला ठेकेदाराला : काम तूर्त थांबलं आहे. ‘रद्द’ म्हणायची गरज नाही, ‘थांबलं’ पुरे. दुसरा नऊही इमारतींच्या प्रमुखांना : पुढची सूचना येईपर्यंत छताला, भिंतीवरच्या बोर्डांना, जुन्या पाइपांच्या वेष्टनाला खिळा, स्क्रू, ड्रिल काहीही लावायचं नाही. वायरमन आला तरी नाही, इंटरनेटवाला आला तरी नाही. एवढं केलंत की तुमच्या हाताशी वेळ आला. मग पुढचं सगळं डोकं शांत ठेवून करता येतं.

मी पंचवीस वर्षं जुन्या इमारतींची पाहणी करतो आहे. या वर्षांत जी नासाडी पाहिली, तिच्यात नुसतं डोक्यावर शाबूत असलेल्या ॲस्बेस्टॉसचा वाटा थोडा होता. घाईने, कोरडं, हातोड्याने फोडून काढल्यामुळे इमारतभर पसरलेल्या धुळीचा वाटा फार मोठा. म्हणून तुमच्या पहिल्या विश्वस्तांची काळजी मला पटते, त्यांचा ‘ताबडतोब’ मात्र पटत नाही.

सिमेंटचा पत्रा म्हणजे काय, ते आधी बघू. ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण तंतूंचा. पिंजता येतो, जळत नाही, कुजत नाही. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाट्शेक यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर हे तंतू सिमेंटच्या पाण्यात कालवून पातळ थरांवर थर चढवायची रीत काढली, आणि तिथून हे पत्रे जगभर पोचले. पत्र्यात तंतू साधारण १० ते १५ टक्के, बाकी सिमेंट. त्या सिमेंटने तंतूंना धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे शाबूत पत्र्यातून हवेत फारसं काही सुटत नाही. पत्रा मोडला की गोष्ट बदलते. माझ्याकडे एक मोडका तुकडा पारदर्शक डबीत सीलबंद आहे. नवा मदतनीस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात ती डबी आणि एक भिंग देतो. मोडक्या कडेतून पांढुरके केसाळ झुपके बाहेर आलेले दिसतात, फाटक्या गोणपाटाची कड दिसते तसे. मग त्याला सांगतो, तुला दिसले ते झुपके. फुप्फुसात जातात ते तंतू या भिंगालाही दिसत नाहीत. हवेचा नमुना मोजताना प्रयोगशाळा ५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि ३ मायक्रॉनहून बारीक तंतू धरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढा हलका तंतू एकदा उडाला की तासन्‌तास खाली बसत नाही. बसला तरी झाडूच्या पहिल्या फटक्याला पुन्हा उठतो.

आता ‘चाळीस वर्षं काही झालं नाही’ म्हणणारे विश्वस्त. त्यांच्याशी वाद घालू नका, पण हे त्यांच्यासमोर ठेवा. ॲस्बेस्टॉसमुळे होणारे आजार उशिराच उगवतात. फुप्फुसं कडक होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ४० वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली केरशॉ ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात सूत काढायची. १९२४ मध्ये ती ३३ व्या वर्षी गेली आणि तिच्या फुप्फुसांत काय सापडलं ते डॉ. कुक यांनी छापून जगापुढे आणलं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या काहींनी ॲस्बेस्टॉसच्या खाणीत पाऊलही टाकलं नव्हतं, ते फक्त खाणीच्या आसपास लहानाचे मोठे झाले होते. १९६५ मध्ये लंडनमधल्या याच आजाराच्या रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायका निघाल्या. त्या विश्वस्तांना मी एवढंच विचारेन : चाळीस वर्षांपूर्वी आपल्या शाळांवर हे पत्रे कापून, भोकं पाडून ज्यांनी चढवले, त्या माणसांचं पुढे काय झालं हे संस्थेत कुणाला माहीत आहे का?

पण ताई, तुमच्या पत्रात मला पत्र्यांपेक्षा जास्त खटकलं ते तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात : ‘काही वर्गांत पांढऱ्या बोर्डांचं छत’. सभेत भांडण पत्र्यांवरून झालं, आणि ड्रिल मात्र बोर्डात घुसलं. जुन्या इमारतींत आग आणि उष्णता अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे इन्सुलेशन बोर्ड सर्रास वापरले गेले. त्यांत तंतूंचं प्रमाण १५ ते ४० टक्के असू शकतं, तेही बहुधा तपकिरी ॲस्बेस्टॉसचे, आणि बोर्ड मऊ असल्याने तंतू सहज सुटतात. एक भोक पाडलं की पत्र्याच्या मानाने कितीतरी जास्त धूळ. तुमचे बोर्ड तसलेच असतील असं मी म्हणत नाही. जिप्समचे असतील, लाकडाच्या लगद्याचे असतील. नुसतं बघून सांगता येत नाही, मलाही नाही. ‘पांढरा म्हणजे साधा’ हेही खोटं. ॲस्बेस्टॉसची पांढरी, तपकिरी, निळी ही नावं आहेत, पण सिमेंटमध्ये मिसळल्यावर, रंग दिल्यावर, उष्णता लागल्यावर तो रंग ओळखीच्या कामाचा राहत नाही. प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा गेला तरच खात्री.

म्हणून आधी सर्वेक्षण. ते दोन जातीचं असतं आणि लोक इथेच फसतात. एक रोजच्या वापरासाठीचं : इमारत चालू असताना, फार तोडफोड न करता, कुठे काय आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद. दुसरं दुरुस्तीच्या किंवा पाडकामाच्या आधीचं : ज्या भागात काम होणार तो रिकामा करून, छत उघडून, पोकळ भिंतींत, फरशीखाली डोकावून केलेलं. पहिल्या प्रकारचा अहवाल हातात घेऊन दुसऱ्या प्रकारचं काम सुरू करणं म्हणजे घराच्या दारावर टकटक करून आत कुणी नाही असं ठरवणं. तुम्हाला आत्ता नऊही इमारतींचं पहिलं सर्वेक्षण हवं आहे. दुसरं, जिथे खरंच काढायचं ठरेल तिथे, तेव्हा.

सर्वेक्षण करणारा आणि पुढे काढणारा एकच नको. तुमचा ठेकेदार ‘पाहणी मी फुकट करून देतो’ म्हणाला तरी नको. ज्याला काढायचे पैसे मिळणार, त्याला सगळीकडे ॲस्बेस्टॉस दिसेल किंवा गैरसोयीच्या जागी दिसणारच नाही.

चांगला सर्वेक्षक पत्र्यांवर थांबत नाही. पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचे जुने पाइप, गच्चीवरची सिमेंटची टाकी, बॉयलर आणि गरम पाण्याच्या पाइपांवरचं वेष्टन, जुन्या विजेच्या पेटीमागची पाटी, भट्टीच्या दाराची दोरी, विनाइल फरशा आणि त्यांच्याखालचा काळा डिंक, आगरोधक दरवाजे, रंगमंचाचा पडदा. तुमच्या सभागृहात आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हे शेवटचे प्रकार नक्की बघायला लावा. पाइपांचं वेष्टन आणि तुळयांवर फवारलेला जाड थर या दोन गोष्टी सापडल्या तर ती खोली त्याच दिवशी बंद करा. फवाऱ्याच्या थरात तंतू ८५ टक्क्यांपर्यंतही सापडतात आणि तो हात लावला तरी झडतो.

नमुना घेताना तुम्ही स्वतः एकदा लांब उभं राहून बघा, माणूस कसा आहे ते कळेल. जाणता माणूस लोकांना बाहेर काढतो, पंखा बंद करतो, खाली प्लास्टिक अंथरतो. जागा साबणाच्या पाण्याने भिजवतो. आधीच टवका उडालेली किंवा आडोशाची कड शोधून नाण्याएवढा तुकडा काढतो, लगेच दुहेरी पिशवीत घालतो, दोन्हींवर क्रमांक लिहितो. मग ओल्या फडक्याने जागा पुसतो, भोक बुजवतो, फोटो काढतो. पाच मिनिटांचं काम आहे. जो कोरड्या पत्र्याचा कोपरा पकडीने ‘कट्‌’ करून खिशात टाकतो, त्याला तिथूनच निरोप द्या.

अहवाल आला की तुम्ही पहिल्यांदा कोणतं पान उघडाल? बहुतेक जण ‘काय सापडलं’ ते उघडतात. मी ‘काय पाहता आलं नाही’ ते उघडतो. खूप वर्षांपूर्वी एका शाळेच्या पाहणीत रंगमंचावरच्या एका खोलीची किल्ली सापडेना. दुपार झाली होती, मी दमलो होतो, आणि ती खोली मी नोंदीत लिहायची राहिली. वर्षभराने ती कुणीतरी उघडली, जुने पाइप कापले, त्यांच्यावर वेष्टन होतं. अहवालात त्या खोलीचं नावच नसल्याने कामगारांना वाटलं, इथे काही नाही. त्यांचे चेहरे मला आजही आठवतात. तेव्हापासून माझा नियम एकच : जिथे मी गेलो नाही, तिथे ॲस्बेस्टॉस आहे असं धरून चालायचं, आणि तसं लिहायचं. तुमच्या नऊ इमारतींच्या सगळ्या किल्ल्या सर्वेक्षणाच्या आदल्या दिवशी गोळा करा. गोळा न झालेल्या किल्ल्यांची यादी त्या अहवालाला जोडा.

मग प्रत्येक इमारतीची एक नोंदवही करा. खोली, वस्तू, नमुन्याचा क्रमांक, अवस्था, फोटो. ब्रिटनमध्ये प्रत्येक वस्तूला चार गोष्टींवरून गुण देतात : वस्तू कसली, किती मोडली आहे, वरून रंग किंवा लेप आहे का, आणि ॲस्बेस्टॉस कोणत्या जातीचं. त्यात खोलीचा वापर मिळवायचा. बंद कोठारातला तडकलेला पत्रा आणि पहिलीच्या वर्गातला तडकलेला बोर्ड एका मापाने मोजू नका. अमेरिकेने १९८६ मध्ये खास शाळांसाठी कायदा केला. त्यात दर सहा महिन्यांनी नजर आणि दर तीन वर्षांनी फेरतपासणी सांगितली आहे. तुमच्याकडे कोणता कायदा लागू आहे ते कामगार सुरक्षा आणि पर्यावरण खात्याकडून लेखी घ्या, पण ही सहा महिन्यांची सवय कायद्याची वाट न पाहता लावून घ्या. नोंदवहीची एक प्रत त्या त्या शाळेत, दर्शनी ठिकाणी. कामाला येणाऱ्या प्रत्येकाने आधी ती वाचून सही करायची. कपाटात बंद असलेली नोंदवही वायरमनला वाचवत नाही.

या वहीतून तुम्हाला दिसेल की नऊ इमारतींची निकड एकसारखी नाही. बरेचसे पत्रे शाबूत निघतील. ते राहू द्या, नजर ठेवा, कडा आणि तडे लेप देऊन बंद करा. फक्त कुणी शेवाळ काढायला त्यांच्यावर दाबाच्या पाण्याचा फवारा किंवा तारेचा ब्रश मारणार नाही हे बघा. त्याने वरचं सिमेंट निघतं आणि तंतू उघडे पडतात. मोडके बोर्ड, झडणारं वेष्टन, मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणचे तुकडे, यांचा नंबर पहिला.

काढायची वेळ येईल तेव्हा पत्रे आणि बोर्ड ही दोन वेगळी कामं समजा.

पत्र्यांचं काम त्यातल्या त्यात सोपं, पण त्यात मरण दुसऱ्याच वाटेने येतं : पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. जुना पत्रा वरून घट्ट दिसतो आणि पायाखाली काचेसारखा फुटतो. त्यामुळे वर चालायचंच नाही. काम खालून परांचीवरून, नाहीतर छप्पर पेलणाऱ्या कैच्यांवर टेकवलेल्या फळ्यांवरून, खाली जाळी लावून. पत्रे भिजवायचे. गंजलेले हुक सुटत नाहीत म्हणून माणसं हुकाभोवतीचा पत्रा ठोकून फोडतात, आणि सगळी धूळ तिथेच होते. हुक कापायचा, पत्रा नाही. पत्रा अख्खा दोघांनी हातांवर खाली द्यायचा, टाकायचा नाही, ओढायचा नाही, आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप मारून वर ठळक अक्षरात लिहायचं. खालचे तुकडे ओल्या फडक्याने उचलायचे. कापडी किंवा डॉक्टरांचा मास्क इथे काही कामाचा नाही. चेहऱ्याला चपखल बसणारा पी-३ दर्जाचा हवा, आणि दाढी असेल तर तोही बसत नाही. अंगावरचा एकदाच वापरायचा पोशाख तिथेच उतरवून त्याच कचऱ्यात. कामगार त्या कपड्यांत घरी गेला नाही पाहिजे. लंडनच्या त्या बायका विसरू नका.

बोर्डांचं आणि वेष्टनाचं काम परवाना असलेल्या, शिकलेल्या लोकांचंच. खोलीभोवती प्लास्टिकचा तंबू, धूर सोडून तो गळत नाही याची परीक्षा, आतली हवा बारीक गाळण्यांतून बाहेर खेचणारं यंत्र, म्हणजे कुठे फट राहिली तरी हवा आतच ओढली जाते, बाहेर पडायला तीन खणांची वाट आणि अंघोळ. शेवटी, काढणाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाने आधी डोळ्यांनी आणि मग हवेचा नमुना घेऊन खोली पास करायची. ब्रिटनमध्ये त्यासाठी घन सेंटिमीटरमागे ०.०१ तंतूंचा निकष लावतात. ब्रुसेल्समधली युरोपीय आयोगाची बेर्लेमाँ इमारत या कारणाने १९९१ मध्ये रिकामी केली. आयोग तिथे परत आला २००४ मध्ये. तुमचं काम एवढं मोठं नाही, पण पंधरा दिवसांत नऊ इमारती म्हणणारा माणूस यातलं काय काय गाळणार आहे, हे त्याला विचारा.

आणि ‘जुना माल तोच उचलणार’. ताई, हे कुठल्याही अटीवर मान्य करू नका. तो माल एकतर कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या भिंतीला चढतो, नाहीतर फुटून भरावात जातो. २०२४ च्या जानेवारीत सिडनीत बागांमध्ये पसरलेल्या लाकडी भुशात ॲस्बेस्टॉसचे तुकडे सापडले आणि एकामागून एक बागा, शाळा तपासत बसावं लागलं. तुमच्या शाळेचा पत्रा शेवटी कुठे पुरला याची मान्यताप्राप्त जागेची पावती संस्थेच्या फायलीत हवी. पावती नाही तर शेवटचा हप्ता नाही, हे करारातच लिहा.

आता मामा. एका दिवसाच्या झाडण्याने त्यांना आजार होईल असं समजू नका. हा धोका किती धूळ, किती काळ, यावर वाढतो, आणि ज्यांना झालं त्यांतले बहुसंख्य वर्षानुवर्षं रोज त्यात होते. बोर्ड ॲस्बेस्टॉसचा होता हेही अजून ठरलेलं नाही. अगदी सुरक्षित असा आकडा मात्र कुणी सांगू शकत नाही, म्हणून त्यांना खोटा दिलासाही देऊ नका. लगेच एक्स-रे काढून काही दिसणार नाही. त्यांच्याजवळ बसा, काय घडलं ते तारखेसकट कागदावर लिहा, एक प्रत त्यांना, एक त्यांच्या डॉक्टरांना द्या. पंखे लावणाऱ्यांनाही शोधून हेच सांगा, धूळ त्यांच्याच तोंडावर आली होती. मामा विडी-सिगरेट ओढत असतील तर सोडायला मनापासून मदत करा. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या बेरजेपेक्षाही पुष्कळ वाढतो.

तो वर्ग अहवाल येईपर्यंत कुलूपबंद ठेवा, पंखे चालू करू नका. त्या दिवशीचा झाडू आणि सुपली अजून शाळेत वापरात असेल. उद्या सकाळी मुलं यायच्या आत ती दोन्ही ओली करून जाड पिशवीत घाला, तोंड टेपने बंद करा, आणि मामांच्या हातात नवा झाडू देताना त्यांना हे सगळं तुम्ही स्वतः सांगा.